गुढियारीच्या गल्ल्यातलं नाणं

व्यापारी : माझ्या गल्ल्यातली चिल्लर तुम्ही चाळता, काही नाणी निवडता आणि तेवढेच पैसे समोर ठेवता. हिशेब चोख आहे, माझी तक्रार नाही. पण रायपुरातल्या गुढियारीच्या थोक बाजारात बसून माझ्या हातून आजवर जेवढी नाणी गेली, त्यांतलं एकही मला जपून ठेवावंसं वाटलं नाही. सरकार ही नाणी कोटींनी पाडतं. ज्याची एवढी रास आहे, त्यात दुर्मीळ काय असणार? शिवाय या नादापायी गरिबाचं काय होतं तेही मी पाहतो. हमाल वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं गाठीला बांधून ठेवतो, कारण त्याचे लाखो रुपये येतात असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलेलं असतं. कुणी ७८६ आकड्याची नोट घरात दडवतो. मग फोन येतो की नाणं घेतो, आधी नोंदणीची फी भरा, आणि महिन्याची मजुरी जाते. ४ ऑगस्ट २०२१ला रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही, बँकेच्या नावानं कुणी फी किंवा कमिशन मागितलं तर फसू नका. ज्या छंदापायी अशी सूचना काढावी लागते, त्याचं कौतुक मी का करावं?

संग्राहक : फसतो तो माणूस नाणं नीट न पाहिल्यामुळे फसतो. वैष्णोदेवीचं नाणं २०१२चं, आणि ते रोजच्या वापरासाठीच काढलेलं. त्याचे लाख रुपये येतील हे फक्त त्यालाच पटेल, ज्यानं दोन नाणी शेजारी ठेवून कधी ताडून पाहिली नाहीत. एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल असलेल्या चकत्यांचंही तेच. कंपनीनं रामदरबाराचं चलन कधी काढलं नाही, त्या अलीकडे बनवलेल्या चकत्या आहेत. हे ओळखायला मोठी विद्या लागत नाही, निरखायची सवय लागते. तुमच्या गल्ल्यात मी तीच सवय चालवतो. सालाखाली चौकोनी हिरकणी असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, टिंब असेल तर नोएडाचं, काहीच खूण नसेल तर कोलकात्याचं. १९८५च्या काही रुपयांवर ‘एच’ हे इंग्रजी अक्षर दिसतं. ती बर्मिंगहॅमला पाडलेली, कारण आपल्या टांकसाळींना तेव्हा मागणी झेपत नव्हती. पाचाचं जुनं जाड नाणं तांबं-निकेलचं, ९ ग्रॅमचं; २००७चं पोलादी नाणं ६ ग्रॅमचं. मधल्या काळात त्या जाड नाण्यांची तस्करी होते, ती वितळवून दाढीची पाती करतात, अशा बातम्या येत होत्या. देशाच्या तिजोरीची इतक्या वर्षांची ओढाताण तुमच्या एका ओंजळीत दिसते. मला ती पाहायची असते. भाव काय मिळेल हा माझा प्रश्नच नाही.

व्यापारी : तुम्ही सांगितलंत ते सगळं छापील यादीत मिळतं. टांकसाळीच्या खुणा, वजनं, धातू, सालं. त्यासाठी चिल्लरीत हात घालायची गरज काय? आणि ज्या विविधतेवर तुम्ही खूश होता, ती आमच्याकडे भांडणाचं कारण असते. दहाच्या नाण्याचे इतके नमुने निघाले की खेड्यातला किरकोळ दुकानदार म्हणू लागला, हे खरं आणि ते खोटं. रुपयाचं चिन्ह असलेलं घेणार, नसलेलं परत करणार. जानेवारी २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की चौदाच्या चौदा नमुने वैध आहेत. तरी अनेक गावांत ते नाणं नाकारलं जात राहिलं. माझं म्हणणं असं की, नाणं पाहावं लागू नये यातच नाण्याचं यश आहे. हातात आलं, मोजलं, पुढे दिलं. माणूस थांबून निरखायला लागला की व्यवहार अडतो. तुम्ही लोकांना थांबायला शिकवता, आणि थांबलेल्या माणसाच्या मनात आधी शंका येते, कौतुक नंतर.

संग्राहक : दहाचं नाणं नाकारणारा दुकानदार अर्धवट पाहून थांबला. त्याला दोन नमुने दिसले, चौदा माहीत नव्हते. पूर्ण पाहिलं असतं तर त्यानं निर्धास्तपणे घेतलं असतं. आता छापील यादीचं म्हणाल, तर काय निघालं ते यादी सांगते. गुढियारीपर्यंत काय पोहोचलं ते सांगत नाही. हा बाजार स्टेशनच्या पलीकडचा. इथून माल खेड्यापाड्यांत जातो आणि खेड्यापाड्यांतला पैसा इथे येतो. कुठल्या टांकसाळीची नाणी इथे जास्त फिरतात, कोणती कधीच दिसत नाहीत, पन्नास पैसे शेवटचे कधी दिसले, हे कुठल्याही यादीत नाही. नाणं कुठे सापडलं याला किती मोल असतं ते याच मुलखानं दाखवलंय. महेंद्रादित्याची सोन्याची नाणी घ्या. पातळ पत्र्यावर एकाच बाजूनं उठाव दिलेली, पंख पसरलेल्या गरुडाची. खैरतालला त्यांचा साठा मिळाला आणि वासुदेव विष्णू मिराशींसारख्या अभ्यासकांनी त्यांचा अभ्यास केला. हा महेंद्रादित्य म्हणजे गुप्त सम्राट पहिला कुमारगुप्त, की इथलाच कुणी राजा, असा वाद झाला. अशी नाणी मुख्यतः छत्तीसगडात आणि लगतच्या ओडिशात मिळतात, ही गोष्ट त्या वादात फार मोलाची ठरली. तेच नाणं गावाचं नाव न लागता एखाद्या पेटीत सापडलं असतं, तर त्या वादात त्याची साक्ष निघाली नसती.

व्यापारी : खैरतालचा दाखला तुमच्याच विरुद्ध जातो. पुरलेला साठा एका वेळी पुरला गेलेला असतो. त्यातली नाणी एकमेकांची साक्ष देतात, जागा साक्ष देते, वरची माती साक्ष देते. म्हणून तर १८७८च्या भारतीय निखात निधी अधिनियमानं बंधन घातलं की, जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवा. माझ्या गल्ल्यातल्या नाण्याला अशी जागा कुठे? ते काल तिल्द्याला होतं, आज गुढियारीत आहे, उद्या भाटापाऱ्याला जाईल. ते इथे सापडलं असं तुम्ही लिहिता, पण इथे ते एक रात्र मुक्कामाला होतं एवढंच खरं. शिवाय तुम्ही निवड करता. हजारांतली चार नाणी उचलता, तीही डोळ्यांत भरणारी. उरलेल्या साध्या नाण्यांची नोंद कोण करतं? उद्या कुणी तुमचा संग्रह पाहून गुढियारीतल्या चलनाविषयी मत बनवलं, तर ते चुकीचंच असेल. त्याला वाटेल इथे सगळे विचित्रच पैसे फिरत होते.

संग्राहक : हा आक्षेप मला खरोखर लागतो, म्हणून त्याला खरं उत्तर देतो. फिरत्या नाण्यालाही साक्ष देता येते, हे एका मराठी माणसानं सिद्ध केलंय. दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म गोव्यातला, शिकवायचे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात, विषय गणित. तक्षशिलेला सापडलेल्या चांदीच्या आहत, म्हणजे ठशांनी खुणा उमटवलेल्या, नाण्यांचा उलगडा करायचा तर आधी समजायला हवं होतं की हातोहाती फिरताना नाणं कसं झिजतं. म्हणून १९४०च्या आसपास त्यांनी आपल्या काळातली, रोजच्या व्यवहारातली साधी नाणी हजारोंनी तोलली. सालागणिक सरासरी वजन किती उतरतं ते पाहिलं. जितकी वर्षं नाणं फिरतं तितकं वजन घटतं, आणि एकाच सालाच्या नाण्यांमधली तफावतही वाढत जाते. हे हाताशी आल्यावर तक्षशिलेच्या नाण्यांच्या पाठीवरच्या खुणा बोलू लागल्या. जितक्या खुणा जास्त, तितकं वजन कमी. म्हणजे त्या खुणा चलनात असताना पडलेल्या, नाणी पारखणाऱ्या सराफांच्या, तुमच्याच पूर्वजांच्या. नाणं पाहावं लागू नये असं तुम्ही म्हणालात. ज्यांनी बाजार उभा केला ते तर प्रत्येक नाणं पाहत होते आणि पाहिल्याची खूण करत होते. गल्ल्यातली झीज हाच फिरत्या नाण्याचा दाखला असतो. तुमचं एक मात्र मान्य. कोसंबींनी चार सुंदर नाणी निवडली नव्हती, ढीग तोलला होता. माझ्या वहीत साध्या नाण्यांची मोजदाद नसेल तर माझा संग्रह खोटं बोलेल.

व्यापारी : मग कोसंबींचा धडा शेवटपर्यंत घ्या. त्यांना ती नाणी जवळ ठेवायची गरज नव्हती. वजन लिहिलं, साल लिहिलं, काम झालं. तुम्हीही तोला, खुणा लिहा, फोटो काढा आणि नाणं गल्ल्यात परत टाका. ज्ञान वहीत राहील आणि नाणं बाजारात. तुम्ही उचलता त्या चार नाण्यांनी माझी चिल्लर अडत नाही, हे कबूल. पण एका शहरात तुमच्यासारखे किती, आणि तुमचं पाहून दडवणारे किती? सुटे नाहीत म्हणून दुकानदार गिऱ्हाइकाच्या हातावर टॉफी ठेवतो, तेव्हा रुपया बुडतो तो गरिबाचा. चलन हे सगळ्यांच्या सोयीसाठी असतं. ते ज्ञानाच्या नावानं एकाच्या कपाटात जावं हे मला पटत नाही. आणि खरं सांगा, नोंद केल्यावर नाणं ठेवायची ओढ उरते ती ज्ञानाची की मालकीची?

संग्राहक : दोन्हींची असते, आणि मालकीची ओढ नाही असं म्हणणं खोटं होईल. तरीही नाणं ठेवण्यामागे एक कारण आहे. वहीत तेवढंच उतरतं जेवढं आज मला विचारायला सुचतं. तक्षशिलेची नाणी ज्यानं पुरली त्याला वजनाच्या गणिताशी काही देणंघेणं नव्हतं. त्यानं नाणी राखली आणि पुढे जतन करणाऱ्यांनी सांभाळली, म्हणून दोन हजारांहून अधिक वर्षांनी कोसंबी त्यांना नवा प्रश्न विचारू शकले. याच्या उलटही इथेच घडलं. अठराव्या शतकात हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला, बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहू लागले. आपल्या इथल्या मराठी लोकांपैकी कित्येकांची घराणी इकडे आली तीही त्या कारभाराच्या मागोमाग. नागपुरी रुपया इथे चालायचा, लहान व्यवहार कवड्यांतही व्हायचे. १८५४मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, कंपनीचा रुपया आला, आणि जुना रुपया हळूहळू व्यवहारातून उठला. अशा रुपयाच्या वाट्याला शेवटी सराफाची मूसच येते. कुणी त्यातले मूठभर विसरला, कुणी मुद्दाम ठेवले, तेवढेच उरतात. रायपुरात १८७५मध्ये महंत घासीदासांच्या देणगीतून संग्रहालय उभं राहिलं, ही या मुलखाची पुण्याई. पण संग्रहालय कालच्या राज्याचं सोनं जपतं. आजच्या गल्ल्यातलं पाचाचं नाणं तिथे कोण नेऊन देणार?

व्यापारी : कवड्यांचं नाव काढलंत ते बरं झालं. कवडी चलनातून गेली, पण छत्तीसगडातून गेली नाही. दिवाळीनंतर गुरं राखणारे राऊत नाचायला निघतात तेव्हा त्यांच्या अंगावर कवड्यांचा साज असतो. चांदीचा कलदार रुपया बाजारातून गेला, पण खेड्यातल्या बायांच्या गळ्यात रुपिया माळ होऊन राहिला. आपल्याकडची पुतळ्यांची माळ तशीच. परक्या देशाचं सोन्याचं नाणं दागिना होऊन घराण्यात राहिलं. या लोकांनी नाणी जपली, पण माणसांतून बाहेर काढली नाहीत. नाचात, लग्नात, अंगावर ठेवली. तुमच्या अल्बमच्या पानात नाणं सुरक्षित असेल, पण त्याला पाहणारे तुम्ही एकटे. आणि दुसरी गोष्ट न्यायाची. तुम्हाला ठाऊक असतं, समोरच्याला नसतं. माझ्या पोऱ्यानं तुम्हाला पाच रुपयांना दिलेलं नाणं जाणकारांत जास्त किमतीचं निघालं, तर तो फरक कोणाचा? हमालाला फोनवरून फसवणारा आणि गप्प राहून दर्शनी किमतीत घेणारा, यांच्यात अंतर आहे. पण दोघांचं भांडवल एकच : समोरच्याला माहीत नसणं.

संग्राहक : न्यायाच्या प्रश्नावर मी एवढंच म्हणू शकतो की, ज्याचा गल्ला त्याला आधी सांगायचं. हे नाणं वेगळं का आहे, जाणकार त्याचं काय देतील, आणि मग विचारायचं, द्याल का? विचारल्यावर कधीकधी नाणं मिळत नाही, तरी तेच बरोबर आहे. न सांगता उचललेल्या नाण्याची नोंद कितीही सुबक असली, तरी तिच्या पहिल्याच ओळीत लपवाछपवी असते. दागिन्यांचं मात्र पुरतं मान्य करत नाही. रुपिया माळ सुंदर आहे, पण ती घराची शेवटची ठेवही आहे. आजारपण आलं, लग्न निघालं की ती सदर बाजारात वजनावर जाते. सराफ चांदी तोलतो, साल वाचत नाही. राजा बदलला, छाप बदलला, सगळं एका मुशीत एक होतं. अंगावरचं नाणं जिवंत असतं म्हणूनच ते मरूही शकतं. अल्बममधलं नाणं जगत नाही, पण मरतही नाही. मला दोन्ही हवीत. एकानं दुसऱ्याची जागा घेऊ नये.

व्यापारी : जपायचं किती, हे ठरवायचा हक्क तरी तुमच्याकडे कुठे आहे? नोटबंदीनंतर आलेला २०१७चा कायदा पाहा. बाद झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा कुणालाही दहापर्यंत ठेवता येतात. अभ्यास, संशोधन किंवा नाणेसंग्रहासाठी पंचवीसपर्यंत. त्यापुढे दंड. म्हणजे सरकारच्या लेखीही संग्राहक हा सामान्य माणसाहून पंधरा नोटांनी वेगळा. बाद नोटेच्या बाबतीत तरी रेष स्पष्ट आहे. नाण्याच्या बाबतीतही ३० जून २०११ला पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी बंद झाली, ती तुम्ही घेतलीत तर माझा आक्षेप नाही, बाजाराला ती नकोतच. माझं म्हणणं सोपं आहे. चलनातून बाद झालेलं खुशाल ठेवा; चालू असलेलं नोंदवा आणि परत टाका. आणि घाई करायचीही गरज नाही, कारण गल्लाच ओसरत चाललाय. यूपीआय २०१६मध्ये आलं. आता पोत्याचे पैसे फोनवर येतात, हमालाची मजुरीही फोनवर जाते. थोड्या वर्षांनी चाळायला चिल्लर उरणार नाही, आणि फोनवरच्या पैशाला झीज नसते.

संग्राहक : तुमचा नियम मी जवळजवळ स्वीकारतो. नोंद आधी, मोह नंतर. चालू नाणं परत, बाद नाणं जपायला. पण तो नियम जिथे अडतो ते नाणं तुमच्याच गल्ल्याच्या कोपऱ्यात पडलंय. पन्नास पैसे. कायद्यानं ते आजही चालतं. २०११च्या नाणे अधिनियमाप्रमाणे दहा रुपयांपर्यंतची रक्कम त्यात चुकती करता येते. बाजारात मात्र ते कुणी घेत नाही. कायदा म्हणतो जिवंत, बाजार म्हणतो संपलं. तुमच्या नियमाप्रमाणे मी ते परत टाकायला हवं. परत टाकलं तर ते फिरणार नाही, कोपऱ्यातच राहील, आणि एक दिवस झाडलोटीत जाईल. उचललं तर मी एका वैध नाण्याला चलनातून काढलं असं होईल. म्हणून उलट विचारतो. तुम्ही ते घ्याल का? गिऱ्हाइकानं पन्नास पैशांची दोन नाणी दिली तर रुपया म्हणून मोजाल का? मोजणार असाल तर मी त्याला हात लावत नाही.

व्यापारी : मोजेन. पण माझ्या मोजण्यानं काय होतं? ती दोन नाणी मी पुढच्याला देऊ लागलो तर तो घेणार नाही. एकट्या गल्ल्यानं चलन चालत नाही. दहाच्या नाण्याचं तेच झालं. खरं-खोटं रिझर्व्ह बँकेनं ठरवलं, पण चालणं-न चालणं खेड्यातल्या दुकानदारानं ठरवलं. आता तुमच्या प्रश्नानं माझाच नियम डळमळतो, कारण नाणं बाद कधी झालं हे सांगणारी एकच तारीख नसते. राजपत्रात एक तारीख असते, बाजारात दुसरी, आणि बाजारातली कुणी लिहून ठेवत नाही. ती लिहून ठेवायचं काम तुमचं आहे असं म्हणत असाल, तर ते मला पटतं. पण माझी शंका जात नाही. पन्नास पैसे बाजारानं का टाकले? त्यात काही येईनासं झालं हे मोठं कारण. पण लोकांनी ते देणं बंद केलं, घरोघरी डब्यांत पडू दिलं, हेही कारण आहेच. जपणं आणि टाकणं यांचा परिणाम बाजारावर एकच होतो. दोन्हीकडून नाणं फिरायचं थांबतं.

संग्राहक : परिणाम एकच होतो, पण मागे उरतं ते वेगळं. डब्यात पडलेल्या नाण्याबरोबर ते का थांबलं याचा पुरावा राहत नाही. नोंदीसकट जपलेल्याबरोबर राहतो. तरी तुमचं एक म्हणणं मी टाळू शकत नाही : मी ज्या चलनाची साक्ष राखतो, त्याच्या थांबण्यात माझाही हात आहे. कोसंबींच्या तराजूपासून ही अडचण सुटलेली नाही. नाणं तोलायचं तर निदान तेवढ्यापुरतं थांबवावंच लागतं. किती वेळ थांबवणं म्हणजे अभ्यास आणि कुठून पुढे साठेबाजी, याचं उत्तर मला कायद्याच्या पंचवीस नोटांत सापडत नाही.

व्यापारी : आणि मला ते माझ्या गल्ल्यात सापडत नाही. इतके दिवस मी समजत होतो की चलन चालू ठेवणं हे माझं काम आणि थांबवणं हे तुमचं. आता दिसतं की दहाचं नाणं नाकारणारा दुकानदार, पन्नास पैसे कोपऱ्यात सरकवणारा मी, आणि अल्बम उघडणारे तुम्ही, तिघंही तेच ठरवतोय : कोणतं नाणं कधी संपलं. फरक असलाच तर एवढा, की आमच्यापैकी कुणी ते लिहून ठेवत नाही. तेव्हा पुढच्या वेळी चाळाल तेव्हा उचललेल्या नाण्यांबरोबर मी नाकारलेलीही लिहा, कारणासकट. ठेवायचं की परत टाकायचं यावर आपण भांडत राहू. ते भांडण मिटावं असं मला वाटत नाही.